देवावर भरवसा आणि सकाळ-संध्याकाळची गोळी



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर एका आजींनी मला विचारले, "काय रे बाबा, तू एवढी जपमाळ करतोस, मिस्सा चुकवत नाहीस, मग रोज दोन-दोन वेळा गोळी कशाला लागते? देवावर भरवसा नाही का?" त्यांनी ते मायेने आणि थोडे चेष्टेने विचारले होते. मीही हसून वेळ मारून नेली. पण हा प्रश्न माझ्या जुन्या ओळखीचा आहे. दोन वर्षांपूर्वी मी तो स्वतःलाच विचारला होता, त्याचे चुकीचे उत्तर काढले होते आणि ते उत्तर मला व माझ्या घरच्यांना चांगलेच महागात पडले होते. म्हणून फादरांनी "रविवारच्या पत्रकासाठी काही लिहा" असे सांगितले, तेव्हा मी हाच विषय घेतला.

मी उर्से येथे राहतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासणी करताना डॉक्टरांनी माझी नाडी हातात धरली ती सोडलीच नाही. मग ईसीजी काढला आणि म्हणाले, "काका, तुमच्या हृदयाचे ठोके नियमित नाहीत. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात." मला तर काहीच त्रास नव्हता. चढावर थोडा दम लागायचा, कधी छातीत पाखरू फडफडल्यासारखे व्हायचे, पण ते मी वयावर ढकलले होते. ब्लडप्रेशर मात्र पंधरा वर्षांपासूनचे. ते जुने दुखणेच या नव्या दुखण्याचे एक मोठे कारण होते.

हा आजार काय आहे हे मला समजले ते आपल्या उर्से टोलनाक्याच्या उदाहरणाने. आपल्या हृदयाला चार कप्पे आहेत, दोन वरचे आणि दोन खालचे. वरच्या उजव्या कप्प्यात एक लहानशी जागा आहे. ती मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेचा इशारा देते आणि त्या इशाऱ्यावर सारे हृदय तालात आकुंचन पावते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरच्या कप्प्यांत जागोजागी इशारे उठू लागतात, मिनिटाला ३५० ते ६०० पर्यंत. एक्सप्रेसवेवर सुट्टीच्या दिवशी सगळ्या गाड्या रांगा मोडून एकदम याव्यात तसे. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये देवाने एक नाका ठेवला आहे. तो सगळ्या गाड्या सोडत नाही, थोड्याच सोडतो, म्हणून माणूस जगतो. पण ज्या सुटतात त्या कशाही सुटतात. दोन गाड्यांमधले अंतर सारखे नसते. म्हणून नाडी कधी घाईत, कधी अडखळत चालते.

खरा धोका मात्र तेवढाच नाही. वरचे कप्पे नीट आवळले जात नाहीत, नुसते थरथरतात. त्यामुळे डाव्या वरच्या कप्प्याला लागून असलेल्या एका छोट्या पिशवीत रक्त साचून राहते आणि साचलेल्या रक्ताची गुठळी होऊ शकते. ती गुठळी तिथून सुटून मेंदूकडे गेली की पक्षाघात. हा आजार असलेल्यांना पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा साधारण पाचपट असतो. म्हणून नाडी आवरणाऱ्या गोळीबरोबर मला रक्त गोठण्याची क्रिया मंद करणारी गोळीही दिली. आपण तिला 'रक्त पातळ करणारी' म्हणतो. सकाळी एक, संध्याकाळी एक, आणि बहुधा आयुष्यभर.

आता माझ्या चुकीकडे येतो. त्या वर्षी प्रायश्चित्तकाळ सुरू होण्याआधी माझ्या मुलाची कंपनीतली कंत्राटी नोकरी गेली. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून घेताना मी मनात नवस केला : "प्रभो, चाळीस दिवस मी औषधाला हात लावणार नाही. तूच माझा वैद्य. माझ्या मुलाला काम मिळू दे." हे मी कोणालाही सांगितले नाही. पत्नीलाही नाही. गोळ्यांची पाकिटे देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवत गेलो. पहिल्या आठवड्यात मला फार हलके वाटले. वाटले, हीच खरी श्रद्धा.

तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळच्या जपमाळेला बसलो असताना माझ्या डाव्या हातातून माळ खाली पडली. उचलायला गेलो तर हात उठेना. 'नमो मरिया' म्हणू लागलो तर शब्द तोंडात घोटाळू लागले. सुनेने पाहिले आणि ती ओरडली. शेजाऱ्याने गाडी काढली. अर्ध्या तासात हात परत आला, जीभ परत आली. तो पूर्ण झटका नव्हता, त्याची सूचना होती. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोळ्या वेळेवर चालू होत्या ना?" आणि मी म्हणालो, "हो, चालू होत्या."

बंधुभगिनींनो, मला आजही हाताच्या दुबळेपणापेक्षा त्या 'हो'ची जास्त लाज वाटते. कारण गोळी चालू असताना झटका आला असे समजून डॉक्टर औषध बदलण्याचा, वाढवण्याचा विचार करू लागले. रक्त गोठू न देणारे औषध हे दुधारी असते. कमी पडले तर गुठळी, जास्त झाले तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव. माझ्या खोटेपणावर विसंबून त्यांनी उपचार केला असता तर दोष कोणाचा? रात्री पत्नीला खणातली भरलेली पाकिटे सापडली. ती काही बोलली नाही. ती पाकिटे घेऊन सकाळी पलंगाजवळ उभी राहिली, एवढेच. मग मी डॉक्टरांना खरे सांगितले.

पुढे मी पापनिवेदनाला गेलो. मला वाटले होते, फादर खोटे बोलल्याबद्दल रागावतील आणि नवसाबद्दल गप्प बसतील. झाले उलटेच. त्यांनी मला शांतपणे विचारले, "हा नवस करताना तुमच्या मनात आणखी काय होते?" मी विचार केला आणि मला कबूल करावे लागले की माझ्या नवसाच्या पिशवीत तीन गोष्टी होत्या. मुलाची काळजी तर होतीच. पण दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचे त्याची भीतीही होती. आणि मुलगा घरी बसलेला असताना आपल्या औषधावर दर महिन्याला पैसे जातात ही टोचणीही होती. या तिन्ही गोष्टींवर मी श्रद्धेचे पांढरे वस्त्र घातले होते.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करतो आहे. देवावर भरवसा ठेवणे म्हणजे काय आणि देवाची परीक्षा पाहणे म्हणजे काय? दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. दोन्हींत माणूस आपला आधार सोडतो आणि म्हणतो, "देव सांभाळील."

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात सैतान प्रभू येशूला मंदिराच्या कळसावर नेतो आणि खाली उडी टाकायला सांगतो. नीट पाहा, सैतान तिथे पापी गोष्ट सांगत नाही. तो पवित्र शास्त्रातलेच वचन सांगतो, देवदूत तुला झेलतील असे म्हणतो. म्हणजे तो श्रद्धेच्याच भाषेत बोलतो. आणि प्रभू नकार देतो, कारण परमेश्वराची परीक्षा पाहायची नसते. प्रभूचा पित्यावर भरवसा नव्हता म्हणून त्याने उडी टाकली नाही असे कोणी म्हणेल का? ज्या पुत्राचा पित्यावर पूर्ण भरवसा होता, त्याला तो उडी मारून सिद्ध करण्याची गरज वाटली नाही. मी माझ्या नवसात उडी मारली होती आणि खाली देवदूतांना उभे राहायला सांगितले होते. शिवाय एक अटही घातली होती. मी एवढे करतो, तू तेवढे कर. हा तर सौदा झाला, आणि सौद्यात मी जे पणाला लावले ते माझे नव्हतेच. जीवन देवाचे, आणि मी आडवा पडलो असतो तर मला उचलणारे हात पत्नीचे आणि सुनेचे.

संत थॉमस अक्वायनस यांनी आशा या सद्गुणाविरुद्धची दोन पापे सांगितली आहेत. एक निराशा, आणि दुसरे म्हणजे देवाच्या दयेला गृहीत धरणे. आपल्याला पहिले लगेच ओळखता येते. दुसरे ओळखता येत नाही, कारण ते भक्तीसारखे दिसते.

मग औषधाचे स्थान काय? बेन सिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय आपण घरी जरूर वाचावा. तो वैद्याचा मान राखायला सांगतो, औषधे परमेश्वरानेच जमिनीतून निर्माण केली असे सांगतो, आणि आजाऱ्याला आधी प्रार्थना करायला व मग वैद्याला त्याची जागा द्यायला सांगतो. एकाऐवजी दुसरे असे तो म्हणत नाही. संत पौलाने प्रभूच्या नावाने अनेकांना बरे केले, पण तिमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याने त्याला श्रद्धा कमी पडते असे म्हटले नाही, थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले. (आमच्यासारख्या रोग्यांनी मात्र तिमथ्याचे औषध घेऊ नये. दारूने हे ठोके आणखी बिघडतात!)

औषधे जमिनीतून येतात हे या आजाराच्या बाबतीत तर अक्षरशः खरे आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत आणि कॅनडात बुरशी लागलेले एक प्रकारचे गवत खाऊन गाईगुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे खपून त्या सडक्या गवतातले रक्त गोठू न देणारे द्रव्य शोधून काढले. त्यावरून वॉरफरिन बनले. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी विकले जाऊ लागले, आणि १९५४ पासून माणसांसाठी औषध म्हणून वापरात आले. गुरांच्या मरणातून लाखो माणसांचे जगणे निघाले. हृदयाचा वेग आवरणारे डिजिटॅलिस हे औषध इंग्लंडच्या विल्यम विदरिंग या डॉक्टरांनी एका फुलझाडाच्या पानांपासून १७८५ मध्ये जगापुढे मांडले. आणि आपल्याच मुंबईत, केईएम हॉस्पिटलमधील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधा या आपल्या मातीतल्या वनस्पतीचा ब्लडप्रेशरवरचा उपयोग एका ब्रिटिश वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध केला आणि साऱ्या जगाने त्याची दखल घेतली. इतक्या लोकांच्या कष्टांतून देवाने जे माझ्या हातावर ठेवले, ते खणात टाकून मी त्याला म्हणत होतो, "तूच मला बरे कर." तो बरे करतच होता, मीच मूठ उघडत नव्हतो.

इथे कोणी विचारील, मग औषध थांबवणे नेहमीच पाप आहे का? नाही. ख्रिस्तसभा असे शिकवत नाही. पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी डॉक्टरांपुढे बोलताना सांगितले की माणसाला जीव जपण्यासाठी सर्वसाधारण उपाय करण्याचे बंधन आहे, स्वतःवर वा इतरांवर फार मोठा भार टाकणाऱ्या उपायांचे बंधन नाही. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथही सांगतो की जे उपचार फार जड, धोक्याचे किंवा अपेक्षित फायद्याच्या मानाने अवास्तव असतील ते थांबवणे योग्य असू शकते, आणि तो निर्णय शक्यतो रोग्याने स्वतः घ्यावा. एखाद्या नव्वदीच्या, वारंवार पडणाऱ्या, रक्तस्राव होऊन गेलेल्या आजोबांची गोळी डॉक्टरांनी आणि घरच्यांनी विचार करून बंद केली तर तो देवाचा अपमान नाही. मरण स्वीकारणे वेगळे आणि मरणाला नवसाचे आमंत्रण धाडणे वेगळे. मी ज्या गोळीला हात लावला नाही ती पक्षाघाताचा धोका जवळजवळ दोन तृतीयांशाने कमी करते. ती गिळायला एक घोट पाणी लागते. तिला असह्य भार कोणत्या तोंडाने म्हणू?

आता दुसऱ्या बाजूबद्दल. त्या प्रसंगानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. दिवसातून वीस वेळा नाडी पाहायची. रात्री उठून ब्लडप्रेशरचे यंत्र लावायचे. नातू मांडीवर आला तरी माझे लक्ष मनगटावर. मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर उंचावले जाताना मी ठोके मोजत होतो. एक दिवस पत्नी म्हणाली, "तुम्ही आधी औषधाला मानत नव्हता, आता देवाला मानत नाही." खरेच होते. औषधाचा देव करणे हीसुद्धा मूर्तिपूजाच, आणि त्यात शांती नाही. कारण या आजारात शंभर टक्के हमी कोणीच देत नाही. गोळी घेऊनही काहींना झटका येतो, आणि गोळीमुळे काहींना रक्तस्राव होतो. डॉक्टर दोन धोके तराजूत तोलतात आणि कमी धोक्याचा रस्ता दाखवतात. त्यावर चालायचे आणि उरलेले देवाच्या हाती सोपवायचे. भरवशाची खरी जागा इथे आहे. आपण जे करू शकतो त्याच्या ऐवजी नव्हे, आपण जे करू शकत नाही तिथे.

माझी आणखी एक खंत होती की एवढे करूनही माझे ठोके तालात येत नाहीत. डॉक्टरांनी समजावले की सगळ्यांचा ताल परत आणावाच लागतो असे नाही. २००२ साली चार हजारांहून अधिक रोग्यांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ताल परत आणण्याचा प्रयत्न केलेले आणि नुसता वेग आवरून ठेवलेले, यांच्या आयुर्मानात ताल आणल्याचा फायदा दिसला नाही. पुढे २०२० मधील एका अभ्यासात दिसले की आजार नवा असतानाच ताल सांभाळण्याचे उपचार सुरू केले तर काहींना त्याचा लाभ होतो. म्हणजे कोणाला काय योग्य हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचे. मला एवढे कळले की बेताल हृदय घेऊनही माणूस जगू शकतो, बाजारात जाऊ शकतो, प्रार्थना करू शकतो. संत पौलाने शरीरातला काटा काढून टाक म्हणून प्रभूला तीनदा विनवले. काटा निघाला नाही, पण प्रभूची कृपा त्याला पुरली.

आपल्यापैकी कितीजणांना संत फिलिप नेरी यांची गोष्ट माहीत आहे? १५४४ च्या पेंटेकॉस्टच्या सुमारास रोमच्या भुयारी कबरस्थानात प्रार्थना करताना त्यांना पवित्र आत्म्याचा असा अनुभव आला की त्यानंतर आयुष्यभर प्रार्थनेच्या वेळी त्यांचे हृदय जोरजोराने धडधडत असे, जवळच्यांना ते जाणवत असे. १५९५ मध्ये ते वारले तेव्हा वैद्यांना त्यांच्या हृदयावरच्या बरगड्या बाहेर आलेल्या आढळल्या असे सांगतात. त्यांना कोणता आजार होता का, हे ठरवायला मी बसलेलो नाही. पण ते धडधडते हृदय घेऊन ते ऐंशीपर्यंत जगले, आणि रोमचे लोक त्यांना आठवतात ते हसतमुख, विनोदी संत म्हणून. छातीत पाखरू फडफडले की मी आता नाडी शोधत नाही, त्यांची आठवण करतो.

आता पैशाची गोष्ट, कारण ती बोलल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. आपल्या धर्मग्रामात असे लोक आहेत जे गोळी एक दिवसाआड घेतात. एका माऊलीने मला सांगितले, "नातवाची फी भरायची आहे, माझे काय, आज आहे उद्या नाही." तिच्या त्यागाला मी नावे ठेवणार नाही. पण या गोळ्यांचा परिणाम एका दिवसात उतरतो, अर्धी मात्रा म्हणजे अर्धे संरक्षण असे नसते. आणि तिला झटका आला तर फीपेक्षा कितीतरी मोठा खर्च आणि वर्षानुवर्षांची सेवा त्याच घरावर पडेल. मार्ककृत शुभवर्तमानातील रक्तस्रावी स्त्रीने सगळी मिळकत वैद्यांवर खर्च केली होती. प्रभूने तिला दोष दिला नाही. पण गर्दीत कोणाला तिची कल्पना नव्हती, हा गर्दीचा दोष होता. आपणही दर रविवारी अशीच गर्दी असतो. नव्या गोळ्यांच्या स्वस्त जेनेरिक आवृत्त्या आता मिळतात, जनऔषधी दुकाने आहेत. हे त्या माऊलीला कोणीतरी सांगायला हवे, तिच्याबरोबर दुकानापर्यंत जायला हवे. चांगल्या शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, आणि शिवाय खाणावळवाल्याला पैसेही दिले.

एक गोष्ट तरुण आईवडिलांसाठी. भारतातील दीड हजारांहून अधिक रोग्यांच्या पाहणीत या आजाराच्या जवळजवळ निम्म्या रोग्यांना हृदयाच्या झडपेचा विकार होता, जो लहानपणीच्या सांधेदुखीच्या तापातून होतो. त्याची सुरुवात घसा दुखण्यातून होते. मुलाचा घसा दुखून ताप आणि मग सांधे सुजले तर अंगावर काढू नका. हा ताप एकदा येऊन गेला की दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते, आणि ते चुकवले की झडप बिघडते. आपल्यापासून जवळच, पिंपरीला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला. आपल्या भागातील अनेक घरे त्या कारखान्यावर जगली. ज्यांची झडप अशी आकसली आहे त्यांना बहुधा जुनीच गोळी आणि आयएनआर ही रक्ततपासणी लागते. २०२२ मधील एका मोठ्या अभ्यासात त्यांना जुनी गोळीच जास्त लाभदायक दिसली. तेव्हा शेजाऱ्याची गोळी पाहून आपली बदलू नये. जुनी गोळी घेणाऱ्यांनी पालक, मेथी सोडायची नसते. फक्त एका आठवड्यात भरपूर आणि दुसऱ्यात अजिबात नाही असे करायचे नसते. रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे. दुखण्यावरच्या साध्या गोळ्या, झाडपाल्याची औषधे, सगळे डॉक्टरांना सांगायचे. खरे सांगायचे. हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

ज्यांच्या मनात धर्माच्या नियमांविषयी शंका आहे त्यांच्यासाठी. ख्रिस्तशरीर स्वीकारण्याआधी एक तासाचा उपवास असतो, पण पाणी आणि औषध यांनी तो मोडत नाही. आजारी आणि वृद्ध माणसांनी, तसेच त्यांची सेवा करणाऱ्यांनी त्या तासात काही खाल्ले असले तरी ते ख्रिस्तशरीर घेऊ शकतात. प्रायश्चित्तकाळातील उपवासाचा नियम साठीत प्रवेश केलेल्यांना लागू नाही, आणि आजारी माणसांना त्यातून सूट आहे. म्हणजे माझा चाळीस दिवसांचा नवस ख्रिस्तसभेने कधी मागितलाच नव्हता. आणि आजाऱ्यांचा अभ्यंगसंस्कार हा केवळ शेवटच्या घटकेचा नाही. १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्याचा विधी नव्याने घालून दिला, तेव्हापासून तर हे अधिकच स्पष्ट झाले आहे. मोठ्या आजारात, मोठ्या ऑपरेशनआधी फादरांना जरूर बोलवा. त्यांना पाहून घाबरू नका.

एवढे लक्षात ठेवा. पासष्टी ओलांडलेल्यांनी अधूनमधून आपली नाडी तपासून घ्यावी. कोणाचे तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, बोलणे अडखळले, तर झोपवून ठेवू नका, तेल चोळत बसू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात न्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. रोगी कोणती गोळी घेतो आणि शेवटची कधी घेतली हे डॉक्टरांना आधी सांगा.

जून महिन्यात आपण येशूच्या पवित्र हृदयाची भक्ती करतो. पोप फ्रान्सिस यांनी आपल्या मरणाआधी काही महिने, २४ ऑक्टोबर २०२४ रोजी, याच हृदयाच्या प्रीतीवर एक विश्वपत्र लिहिले. त्या चित्रातले हृदय मी लहानपणापासून पाहत आलो. त्यावर काटे आहेत, जखम आहे, आणि तरी त्यातून ज्वाला निघते. आता त्या चित्रापुढे बसून मी म्हणतो, प्रभो, तुझे हृदय जखमी, माझे बेताल, आपले जमेल.

मुलाला पुढे काम मिळाले. पण ते माझ्या नवसामुळे नव्हे. पवित्र आठवड्यात याच चर्चमधल्या एका कुटुंबाने त्याला त्यांच्या ओळखीच्या ठिकाणी नेले म्हणून. मी देवदूतांना मंदिराच्या कळसाखाली बोलावत होतो, आणि ते माझ्या मागच्या बाकावर बसले होते.

त्या आजींना मी अजून उत्तर दिलेले नाही. हा लेख वाचून त्यांना ते मिळेल. आजी, मी रोज सकाळी 'हे आमच्या बापा' म्हणतो. 'आमची रोजची भाकर' या शब्दांपाशी आलो की पाण्याचा पेला उचलतो आणि गोळी घेतो. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळे तोही एका दिवसापुरताच, साठवता येत नसे. माझी गोळीही एका वेळेपुरतीच पुरते. संध्याकाळी पुन्हा हात पसरावा लागतो. भरवसा आहे, आजी, म्हणूनच तर हात पसरतो.

येशूचे पवित्र हृदय आपल्या सर्व आजाऱ्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना सांभाळो. आमेन.